चौदावी रेघ

“ही रेघ कोणी दारू पिऊन आखलीय का?”

ट्रॅक्टर धडधडत थांबला आणि वरून प्रश्न आला. चुन्याची पाटी कमरेला लावून ती ताठ उभी राहिली.

“मी आखलीय. पूर्ण शुद्धीत.”

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. अख्खं गाव त्याला ‘दोरी’ म्हणायचं, कारण त्याचा नांगर दोरी लावल्यासारखा सरळ चालायचा. त्याचा त्याला तोराही भारी. निघाला होता दुसऱ्याच शेताकडे, पण उतारावरची ती वळवळती पांढरी रेघ पाहून त्याला राहवलं नाही.

“सरळ वरून खाली नांगरा की! झटक्यात होईल.”

“दहा वर्षं तेच केलं,” ती म्हणाली. “आधी वरची झाडं तोडली, मग सरळ खाली नांगर. पावसाला आयती पन्हळ मिळाली. माती गेली विहिरीत, आणि इथे उरली... एवढी.” तिनं वीत दाखवली. “त्याखाली खडक.”

शेत तिच्या मावशीचं. मावशीनं सांगूनच टाकलं होतं, की येत्या मोठ्या पावसात ही माती राहिली तर पेरू, नाहीतर उतार खडीवाल्यांना देऊन मोकळी होते. लहानपणी भाचीनं इथेच मावशीच्या मागे मागे बी टाकलं होतं. हा उतार खडीवाल्यांच्या घशात जाऊ द्यायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

सारख्या उंचीवर रेघ आखायला तिच्याकडे पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी होती. दोन टोकांना दोन माणसं लागतात, आणि मावशीचे गुडघे सकाळीच संपावर गेले होते. तिनं एक टोक सरळ त्याच्या हातात दिलं.

“हलू नका. पाणी स्थिर होऊ द्या.”

“मी स्थिरच आहे. तुम्ही हसलात की हात हलतो.”

“मी कुठे हसले?”

“आत्ता... हे काय!”

मग मात्र ती खरंच हसली, आणि नळीतलं पाणी चांगलं चार बोटं वरखाली झालं.

तीन दिवसांत चौदा रेघा झाल्या. खरं तर दोन दिवस पुरले असते.

त्यानं रेघा धरून आडवं नांगरलं, प्रत्येक रेघेवर मातीचा बुटका बांध घातला. तिनं बांधावर गवत लावलं. रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टरवाले ओरडायचे, “काय रे दोरी, पीळ पडला का?” त्याचे कान लाल व्हायचे.

पाऊस आला तो सगळी दुपार कोसळला. उघडताच ती उतारावर धावली. पहिली रेघ टिकली होती, दुसरी टिकली होती... तेरावीसुद्धा! बांधामागे पाणी शहाण्या मुलासारखं बसून मुरत होतं. रस्त्याकडची चौदावी मात्र फुटली होती. आणि तिथे तो गुडघाभर चिखलात उभा राहून वाहून गेलेली माती पाटीनं वर चढवत होता.

“नळी चुकली?” तिचा आवाज चिरकला.

“नाही. मी...” त्यानं पाटी खाली ठेवली. “ही रस्त्यावरून दिसते ना... लोक हसत होते. वळण होतं तिथे मी सरळ केली. थोडीशीच.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चार टवाळांसाठी माझ्या मावशीची जमीन?”

“हो. चूक माझीच.” त्यानं नजर चुकवली नाही. “मावशींनाही मीच सांगतो.”

मावशी काठी टेकत आलीच. त्यानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मावशीनं वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली.

“तेरा टिकल्या ना? मग पेरायचं,” ती म्हणाली. “चौदावी निस्तरा तुम्ही दोघं.” आणि आली तशी निघून गेली.

ती जाऊन नळी घेऊन आली. राग होताच. पण पळून न जाता चिखलात उभा राहिलेला हा माणूस तिला आवडला होता, आणि ते आता स्वतःपासूनही लपवता येईना. तिनं नळीचं टोक पुढे केलं.

“वळण आहे तिथेच हवं. लोक हसले तरी.”

“हसू देत.” त्यानं टोक घेतलं... तिची बोटंही. “मला एकच हसणं बघायचंय. तुझं. जन्मभर. चालेल?”

“आधी पाणी स्थिर होऊ दे.”

पण पाणी काही केल्या थांबेना. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. “काय रे दोरी, पीळ पडला का?”

“पडला!” तो भर रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला. “आता सुटायचा नाही!”

तिनं नळीकडे बघत, अगदी हळू म्हटलं, “चालेल.”