दांडीवरची तीन बोटं

पत्र्याच्या शेडचं कुलूप हणमंत सरांनी काढलं, आणि ते स्वतः मात्र उंबऱ्याबाहेरच थांबले.

"तुम्हीच बघा बाई. मला आत जाववत न्हाई."

सौदामिनीबाई आत शिरल्या. मागोमाग खाजाभाई. नांदेडचा आपला फोटो स्टुडिओ बंद करून हा माणूस बाईंच्या शोधकामात सोबतीला आला होता. फोटो सुरेख काढायचा, पण फोटोत काय दिसतं ते बाईंनाच सांगावं लागायचं.

भूकंपातून वाचलेल्यांना राहायला बांधलेली ती शेड. आता तिथं हणमंत सरांच्या हाताखाली लातूरच्या पोरी वजन उचलायला शिकत. उन्हानं पत्रा तडतडला की वर कुणी चालतंय असं वाटे. मधोमध वजनाची लोखंडी दांडी होती. तिच्यावर दोन हातांचे पांढरे ठसे. डाव्या हाताची चार बोटं, उजव्याची तीनच. दोन्ही अंगठे बोटांपासून सुटे, स्पष्ट उमटलेले.

 खाजाभाईनं फोटो काढले.

"महादेवीचा हात हाय तो," सर बाहेरूनच म्हणाले. "सिंधुची थोरली बहीण. कडबा कापताना करंगळी गेलती तिची. भूकंपात दगडाखाली संपली. मी रोज दांडी पुसून कुलूप लावतो, आन् सकाळी हे असं."

"किल्ली?"

"माझ्या ओसरीत, खिळ्याला. सिंधु, रईसा, सिंधुचा भाऊ, सगळ्यांना ठाऊक."

सिंधुची आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली होती. उद्या तिनं शिबिराला निघायचं, तिथून परदेशी. आणि ती दांडीला हात लावेना. ती गेली नाही, तर राखीव असलेली रईसा जाणार होती.

सिंधु पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"काल धीर केला, बाई. हाताला लावायच्या पावडरच्या डब्याकडं गेलेच न्हाई. ठशांवरच हात ठेवले, ताईच्या हातात हात दिल्यासारखे. वजन छातीपर्यंत आलं आन् निसटलं. कुणी हिसकून घेतल्यासारखं. मी जायला नको हाय तिला."

इकडं शेडमध्ये खाजाभाईनं कोपऱ्यातली दुसरी, रिकामी दांडी धरून पाहिली. दारात हसू फुटलं. रईसा होती.

"चाचा, बादली उचलायलात का? अंगठा आत घ्या, बोटांखाली दाबा."

"अगं, दुखतंय की!"

"दुखतंच. मग सवय लागती. आता मी पाण्याचा गिलासबी असाच धरते. अम्मी हसती."

"सिंधु थांबली तर तू जाशील," बाई म्हणाल्या.

रईसाचं हसू मावळलं. "हाव. म्हणूनच सगळे माझ्याकडं बघून राहिलेत. मला तिला हरवून जायचंय. भुताच्या मदतीनं न्हाई."

तेवढ्यात सिंधुचा भाऊ शिवलिंग आला. त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. अशाच एका क्लासात तो भौतिकशास्त्र शिकवी. तास संपवून तो थेट बहिणीसाठी दूध घेऊन आला होता.

"तिनं जायलाच हवं," तो ठासून म्हणाला. "अख्ख्या गावानं हार घातलेत."

"तुम्ही कधी वजन उचललंय?"

"मी? मी फळ्यापुढं उभा राहणारा माणूस. या शेडमध्ये पाऊलही टाकलेलं नाही."

ऊन कलल्यावर बाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. खाजाभाईच्या एका तळव्यावर त्यांनी डब्यातली पावडर टाकली, दुसऱ्यावर ठशांवरची पांढरी भुकटी. मग त्याला कोपऱ्यातली दांडी धरायला लावली.

"हा हात चिकटून बसतोय," खाजाभाई म्हणाला. "आन् हा घसरायलाय!"

"काल सिंधुचाही तसाच घसरला. डब्यातल्या पावडरीनं पकड बसते. ही दुसरी भुकटी फळ्यावरच्या खडूची. डबा हाताशी असताना रईसा किंवा सर खडू कशाला आणतील? पांढरं ते सगळं सारखंच, असं समजणाऱ्याचं हे काम."

"पर बाई, एवढ्यावरून..."

"अंगठे बघा, खाजाभाई. सुटे आहेत. जी मुलगी पाण्याचा गिलासही अंगठा दाबून धरते, ती दांडी अशी धरील? सरांचं तर आयुष्य यात गेलं. तुम्ही मात्र बादलीसारखीच धरलीत. शिकवलेलं नसलं की माणूस तशीच धरतो." त्या वळल्या. "शिवलिंगसर, करंगळी आठवणीनं उचलून धरलीत. अंगठ्याचं तुम्हाला ठाऊकच नव्हतं."

शिवलिंग तिथंच जमिनीवर बसला. त्याची फळ्यापुढची भाषा गळून पडली.

"सगळं गाव हार घालायलं. मी कोणत्या तोंडानं नको म्हणू? दगडाखालून काढली तवा श्वास नव्हता हिला. तोंडात फुंकून फुंकून आणला. आता ही परमुलखात डोक्यावर लोखंड घेणार... मला तिथं पोचता येणार न्हाई, सिंधे."

"काल ते लोखंड माझ्या मानेवर पडलं असतं, दादा."

शिवलिंगनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मी भ्याले, खरंय," सिंधु हळू म्हणाली. "पण रोज सकाळी वाटायचं, ताई आली. निदान तिचा हात तरी आला. आज तू तिलाबी नेलंस."

तिनं डब्यात दोन्ही हात बुडवले. "रईसा, उद्या मला गाडीवर सोडायला तू ये."

मग ती वाकली. वजन छातीपर्यंत आलं, आणि एका हिसक्यात डोक्यावर गेलं. तिनं ते तिथंच धरून ठेवलं. शिवलिंग धडपडत उठला, दोन्ही हात पुढं करून उभा राहिला. पण तिच्याजवळ जायची त्याची हिंमत झाली नाही.