तिसऱ्या मजल्याचं पाणी

लाइट काही आता सकाळपर्यंत येत नाही. मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. हा भागवत आपल्या चांगल्या ओळखीतला, चाकूरकडचा शेतकरी. माळाची जमीन विकून त्यानं लातुरात, शिकवण्यांच्या भागात, तीन मजली इमारत बांधली आणि पोरांना खोल्या भाड्यानं दिल्या. लोकांना वाटतं, भाडं म्हणजे घरबसल्या खाणं. कशाचं आलंय! पोरं भिंतीला खिळे ठोकतात, मोरीत भात ओततात, जाताना बल्बसुद्धा काढून नेतात. भागवत प्लंबरला दारात उभं करत नसे. पान्हा, टेप, पांढरं सिमेंट, सगळं स्वतःच्या पिशवीत घेऊन फिरायचा.

सात मे दोन हजार चोवीस, मंगळवार. चैत्रातली अमावस्या आणि मतदानाचा दिवस. गावात मत देऊन तो मोटारसायकलवर लातूरला निघाला. परीक्षा संपून पोरं घरी गेली होती, इमारत रिकामी होती. जूनमध्ये नवी पोरं येण्याआधी नळ बदलायचे आणि रंग द्यायचा, एवढंच काम. संध्याकाळपर्यंत त्यानं गच्चीवरून पाणी बंद करून सगळ्या मजल्यांचे गळके नळ काढून टाकले. नवे आणायला गेला तर दुकान बंद. बोअर आटलेला, टाकी कोरडी. टँकरवाल्या श्रीशैलला फोन लावला.

"रातच्याला येतो," श्रीशैल म्हणाला. "कवा ते सांगता येत न्हाई. तुमी झोपा, म्या बाहेरूनच नळी जोडून टाकी भरतो."

म्हणून भागवत मुक्कामाला राहिला. खालच्या लोखंडी गेटला आतून कुलूप घातलं आणि गच्चीवर सतरंजी टाकली.

आता आदल्या उन्हाळ्याचं सांगायला हवं. तिसऱ्या मजल्यावर कमलम्मा राहायची. उदगीरच्या पलीकडची, कानडी मुलखातली एकटी बाई, पोरांना डबे करून द्यायची. भागवतला ती खोली मुलींना द्यायची होती, त्यात भाडं जास्त. ती म्हणाली, पोरांच्या परीक्षा होऊ द्या, मग जाते. भागवत तिच्याशी भांडला नाही. प्रत्येक मजल्याच्या पाण्याचा व्हॉल्व गच्चीवर, लोखंडी पेटीत, मालकाच्या कुलपात असतो. त्यानं तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व फिरवून बंद केला. भाडेकरू काढायचा त्याचा हा ठरलेला उपाय होता, आणि चारचौघांत तो हसत सांगायचा.

कमलम्मा खालून घागर चढवू लागली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर घागर टेकवायची, दम खायची, पुन्हा उचलायची. एका भर दुपारी भागवत गच्चीवर होता आणि जिन्यातून तिची हाक आली, "मालक, नीर बिडरी." पाणी सोडा म्हणत होती. त्याला स्वच्छ ऐकू आलं. तो गप्प बसला. हाका बंद होईपर्यंत गप्प बसला. ऊन कललं तेव्हा खाली उतरला, तर ती वळणावर भिंतीला टेकलेली. गेलेली.

तिचा भाचा शरणप्पा सामान न्यायला आला, तर भागवतनं आधी त्याच्याकडून खोली पुसून घेतली. निर्दय माणूस होता, दुसरा शब्द नाही. रंग मारला आणि खोली मुलींना दिली. जिन्यात काय झालं ते बायको सोडून कुणाला सांगितलं नाही.

तर ती रात्र. बारा वाजून गेले होते. वारा पडलेला. भागवतला जाग आली ती आवाजानं. खाली जिन्यात कुणीतरी घागर टेकवली होती.

त्यानं बायकोला, दीपमालाला, फोन लावला. पुढचं सगळं तिनं ऐकलेलं आहे.

"जिन्यात कुणी तरी पाणी चढवायलंय."

"कोण हाय? गेट लावलं न्हवं?"

"हाव. म्याच लावलं."

पुन्हा आवाज. एक वळण वर. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा... आणखी वर.

गच्चीच्या दारापाशी आवाज थांबला. घागर टेकली. आणि दीपमालाला तिकडे चाकूरला, फोनमधून, बाईचा आवाज ऐकू आला.

"मालक... नीर बिडरी."

भागवत गप्प. याही वेळी गप्प.

"अहो, उठा," दीपमाला म्हणाली. "व्हॉल्व सोडा."

"टाकी कोरडी हाय. काय सोडू?"

"सोडा तरी. पाया पडते तुमच्या."

किल्लीचा आवाज. पेटी उघडल्याचा. व्हॉल्व करकरत फिरला. मग...

मग काही नाही.

"दीपा," भागवत म्हणाला. आवाज बदललेला. "लई तहान लागली गं."

"बाटली हाय की जवळ."

"पिली. सगळी पिली. जात न्हाई तहान."

त्याची पावलं. जिना. उतरत होता. एक वळण, दुसरं वळण... मग बसला असावा. श्वास फार मोठा येत होता.

"कोण हाय तिथं?... जरा पाणी द्या."

उत्तर नाही.

"अहो बाई... पाणी."

उत्तर नाही. तिथं कुणी होतं. दीपमाला शपथेवर सांगते, दुसरा श्वास ऐकू येत होता. पण कुणी बोललं नाही. तो मागत राहिला. लहान पोरासारखा मागत राहिला. मग मागणं थांबलं.

तिनं पोराला, रविकिरणला, कधीच पिटाळलं होतं. तो मोटारसायकल मारत पोचला तेव्हा गल्ली जागी होती. टँकर येऊन गेला होता. व्हॉल्व उघडा, खोल्यांत नळ नाहीत, त्यामुळं सगळं पाणी खोल्यांतून जिन्यात आणि जिन्यातून गेटखालून रस्त्यावर. बाया कळश्या, बादल्या, पातेली घेऊन गेटला भिडलेल्या. समोरची धोंडाबाई रविकिरणला म्हणाली, "भर बाबा तूबी. मालकानं आज पाणी सोडलंय."

कुलूप तोडलं. भागवत तिसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर आडवा होता. अंगावरून पाणी वाहत होतं. कपडे चिंब. ओठ मात्र फाटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

दुसऱ्या दिवशी गावी, ओढ्याकाठी, अग्नी द्यायचा होता. रविकिरणच्या खांद्यावर माठ दिला. आडाचं पाणी, काठोकाठ, भरताना सगळ्यांनी पाहिलं. पहिली फेरी झाली. चुलत्यानं दगडानं माठाला भोक पाडलं. धार आली नाही. दुसरी फेरी, दुसरं भोक. नाही. तिसरं...

"काका, लई जड हाय," पोरगं म्हणालं.

त्यानं माठ मागं सोडला. खापऱ्या झाल्या. जमीन कोरडी. खापऱ्या आतूनही कोरड्या.

त्या खापऱ्या अजून तिथंच पडल्या आहेत, हवं तर जाऊन बघा. त्यानंतर पाऊस झाला, ओढ्याला पूरसुद्धा येऊन गेला. त्या ओल्या होत नाहीत.