कोपरा फाटलेलं कार्ड

राजानंद पहिल्यांदा आला तो मार्चमधल्या एका दुपारी, हातात पोस्टकार्ड घेऊन. आजकाल पोस्टकार्ड घेऊन माणूस पोस्टात येणं म्हणजे नवलच. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावातलं पोस्ट मी चालवते. लोक माझ्याकडे येतात ते बचत खात्यासाठी, पार्सलसाठी, आधारला मोबाइल जोडायला. पत्रासाठी कुणी येत नाही.

"गोजरबाईचं घर कुठं हाय हो? धावड्याहून आलोय, हे कार्ड द्यायचं व्हतं."

मी कार्ड पाहिलं आणि अक्षर लगेच ओळखलं. ठसठशीत, उभं, ओळी सरळ... दर पंधरा दिवसांनी मी हेच अक्षर वाचत होते. गोजरबाईंचे भाऊ कल्याणबाबा भोकरदनकडच्या धावड्याला असतात. त्यांना जवळून ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. हात थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि दुसरा कुणी लिहितो. गोजरबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी वाचते आणि उत्तरही मीच लिहिते.

"म्हणजे लिहिणारे तुम्ही?"

"अन् वाचणाऱ्या तुम्ही?" तो हसला. "मला वाटल्तं, कुणी रिटायर मास्तर असतील."

"मला बी तसंच वाटल्तं."

मी कार्ड घेतलं आणि त्यावर धपकन शिक्का मारला.

"अहो, मी हातानं आणलंय की!"

"टपालातून गेल्याबिगर मी कार्ड वाटत न्हाई. पेटीत टाकलं समजा."

"मंग आता मी काय करू?"

"चला संगं. वाटप बघा."

गोजरबाईंच्या घरापर्यंत जाताना त्याने सांगितलं, धावड्यात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. तीर्थपुरीला मावसभावाच्या साखरपुड्याला आला होता. दिवसभर तो किबोर्ड बडवतो. हाताने लिहायचं म्हटलं तर कल्याणबाबांचं कार्ड, एवढंच.

पुढच्या कार्डाखाली दोन बोटांच्या जागेत एक जादा ओळ होती — 'वाचणाऱ्या मॅडमला जय भीम. शिक्का बघायला परत कधी येऊ?'

मी उत्तरात लिहिलं, 'कार्यालयीन वेळेत.'

तसं सुरू झालं. कार्ड उघडंच असतं. भोकरदनपासून तीर्थपुरीपर्यंत ज्याला वाटेल त्याने वाचावं. म्हणून आम्ही खास असं काहीच लिहायचो नाही. तो विचारायचा, 'जेवलात का?' चार दिवसांनी पोचणारा हा प्रश्न वाचून मला हसू यायचं, आणि तरी मी त्याचं उत्तर इमानदारीने द्यायचे. मोबाइल नंबर त्याने कधी मागितला नाही. मागितला असता तर दिला असता, हेही सांगून टाकते.

"कार्ड चार ओळीचं," गोजरबाई म्हणायच्या, "अन् तू घडीभर काय बघत बसतीस गं?"

सप्टेंबरात अंबडचं स्थळ आलं. मुलगा कोर्टात लिपिक. "पुढच्या रविवारी येऊन राह्यलेत," दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. "तुझ्या मनात काही असंल तं आत्ताच सांग."

मनात होतं. पण ज्याच्याबद्दल होतं, त्याने कधी काही विचारलंच नव्हतं. मग वडिलांना काय डोंबल सांगणार? गोजरबाईंचं कार्ड लिहिताना मी खालच्या दोन बोटांत लिहिलं, 'रविवारी मला बघायला अंबडचे पाहुणे येणार आहेत. मी काय सांगू?'

उत्तर आलं ते थेट आदल्या दिवशी, शनिवारी. आणि कार्डाचा खालचा कोपरा फाडलेला!

आमच्या जुन्या लोकांत रिवाज आहे. मयताचं कार्ड कोपरा फाडून धाडतात, ते दारातच वाचतात, घरात नेत नाहीत. पण वाचलं तर कल्याणबाबा खुशाल होते, गुडघा तेवढा दुखत होता. आणि माझ्या प्रश्नाला उत्तर...? एक अक्षर नाही. मला रडूच यायला लागलं.

गोजरबाईंनी तो कोपरा लांबूनच पाहिला आणि हंबरडा फोडला. "माझा भाऊ गेला गं...!" गल्ली जमा झाली.

"मावशी, खुशाल हायत ते! हे बघा, लिहिलंय."

"मला बरं वाटावं म्हणून तू काहीबी वाचून राह्यलीस. मला अक्षर कळत न्हाई, कोपरा कळतो!"

मी धावड्याच्या केंद्राचा नंबर शोधून फोन लावला. "कार्डाचा कोपरा का फाडला?"

"मॅडम... तुम्ही?"

"हितं मावशी भावाच्या नावानं रडून राह्यल्या! कोपरा फाडल्यावर काय समजतात, माहीत न्हाई का?"

"आईशप्पथ न्हाई. तिथं मी काहीतरी लिहिल्तं. मंग वाटलं, उघड्या कार्डावर बरं दिसत न्हाई..."

"काय लिहिल्तं?"

ते न सांगता तो कल्याणबाबांकडे धावला आणि तिथून व्हिडिओ कॉल लावला. कल्याणबाबा हसत हात हलवत होते, पण गोजरबाईंनी ढुंकून पाहिलं नाही. "शेजारची साळूबाई जाऊन साल झालं. मोबाइलात ती बी हसून राह्यलीय!"

"उद्या घेऊन येतो," राजानंद म्हणाला.

"काय?"

"कल्याणबाबांला."

मला वेगळं काही ऐकायचं होतं. मी फोन ठेवून दिला.

रविवारी पाहुणे दुपारी एकला येणार होते. साडेदहाला मी साडी नेसून, तोंड फुगवून बसलेली, तोच समोर गोजरबाईंच्या दारात गलका झाला आणि मी बाहेर आले. रिक्षातून काठी टेकत कल्याणबाबा उतरले. गोजरबाईंनी त्यांचा चेहरा चाचपला, पाठीत एक धपाटा घातला आणि मग गळ्यात पडून रडल्या. राजानंद त्यांना घेऊन पहाटेच निघाला होता, तीन गाड्या बदलून आला होता. शर्ट पार चुरगळलेला. तो सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. माझ्या मागे दारात दादा.

"काय लिहिल्तं कोपऱ्यात?" मी विचारलं.

"त्यांना न्हाई म्हणा..." तो पुटपुटला. "मी येऊन राह्यलोय."

"काय म्हंतो रे?" कल्याणबाबा ओरडले.

"काही न्हाई, बाबा!"

"आँ? मोठ्यानं बोल की!"

राजानंदने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. त्याने एक श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "ज्योत्स्नाला मागायला आलोय, बाबा! माझी बायको व्हशील का म्हणून!"

"मंग तिला इचार ना," कल्याणबाबा म्हणाले. "मला कशाला?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. माझे कान तापले, पण आनंद इतका झाला होता की लाज वाटायला जागाच उरली नव्हती.

दादांनी खिशातून मोबाइल काढला. "ज्योत्स्ना, अंबडला फोन लावू?"

"लावा दादा," मी म्हणाले. "जल्दी लावा, ते निघायच्या आत."