महाराजांच्या वाटेतला खड्डा

"हबू! सोड ते! ए, सोड म्हटलं ना!"

राजकन्या हेनुत कुत्र्यामागे धावत होती. तिच्या मागे धाकटा भाऊ आमू आणि दाईची मुलगी तेत्ती. महाराजांच्या राज्याला तीस वर्षं झाली म्हणून लेखनशाळेला सुट्टी होती, आणि सुट्टीचा पहिलाच दिवस कुत्र्याच्या मागे चालला होता!

अखेर तेत्तीने हबूला खजुरीखाली गाठलं. त्याच्या तोंडात एक शिंग होतं, आणि शिंगाला अर्धं बैलाचं डोकं लटकत होतं!

"शी! मुदपाकखान्यातून पळवलंय," आमू नाक दाबून म्हणाला.

"मुदपाकखान्यात डोक्याला गेरू फासतात का रे?" तेत्ती म्हणाली. "आणि ही बघ, शिंगाच्या दोरीत अडकलेली इवलीशी तांब्याची कुदळ. हा पायाभरणीचा नैवेद्य आहे! नवं बांधकाम करताना पुरतात तो."

नवं बांधकाम एकच होतं, उत्सवाचं अंगण. उद्या सगळ्या प्रजेसमोर महाराज तिथे धावणार होते. तीस वर्षांनंतरही अंगात बळ आहे, हे राजाने धावूनच दाखवायचं, अशी रीत होती. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, हे फक्त घरच्यांना माहीत होतं. ते पडले, तर लोक म्हणणार, देवांनी हात काढून घेतला!

तिघं अंगणाकडे पळाली. भिंतीलगत, बाहेरच्या बाजूने, हबूने बीळ केलं होतं. आमूने खांद्यापर्यंत हात घातला.

"ताई, आत सगळं पोकळ आहे! नैवेद्याचा खड्डा नीट भरलेलाच नाही!"

भिंतीपलीकडे, बरोबर वरच, तो दगड होता, ज्याला वळसा घालून महाराज परत फिरणार होते.

बांधकामाचा मुकादम वेसेरू सावलीत कांदा-भाकर खात होता.

"काका, वळणावर जमीन खचेल!" हेनुत म्हणाली.

"खचते कशी? माझ्यासमोर धुमसून, ठोकून घट्ट केलीय."

"मग चालून दाखवा ना!"

"भलतंच! महाराजांच्या आधी तिथे कुणाचं पाऊल पडायचं नाही. आणि पुरलेला नैवेद्य उकरायचा नाही. जा, नदीत डुंबा."

"नदीत मगरी आहेत!"

"मग नका डुंबू! पण मला जेवू द्या."

आईबाबा शुद्धीसाठी देवळात बसले होते. सकाळपर्यंत भेट नव्हती.

"म्हणजे धुमसल्यापासून त्या जमिनीवर कुणी चाललंच नाही," हेनुत पुटपुटली. मग एकदम म्हणाली, "पाऊल टाकायचं नाही ना? पण रांजण लोळवायला कुठे मनाई आहे?"

सिंहासनाच्या चौथऱ्यावर बिअरचे रांजण रचले होते, चिखलाने तोंडं बंद केलेले. तिघांनी त्यातला सगळ्यात मोठा उतरणीवर आडवा केला.

"थोडा डावीकडे," तेत्ती म्हणाली. "आता ढकला!"

"अरे, माझी बिअर!" वेसेरू ओरडत धावला.

रांजण गडगडत दगडापाशी पोहोचला आणि धप्प! जमिनीने तो गिळूनच टाकला!

वेसेरू अंगणाच्या कडेशी थबकला. त्याचं उचललेलं पाऊल हवेतच राहिलं.

"मुकादमकाका," आमूने विचारलं, "आता जेवण झालं का?"

मग मात्र धावपळ उडाली. पुजाऱ्यांनी नवा नैवेद्य आणून परवानगी दिली. खड्डा दगडांनी भरला, पुन्हा धुमसला. या वेळी हेनुतने वेसेरूला सावलीत बसूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी महाराज धावले. वळणावर त्यांचा गुडघा लचकला! हेनुतच्या आईने शेजारच्या तेत्तीचा हात घट्ट आवळला. पण पायाखालची जमीन भक्कम होती. महाराज सावरले आणि शेवटपर्यंत धावले. केवढा जयघोष झाला!

वेसेरूने सगळं कबूल केलं होतं. महाराजांनी तिघांना सर्वांसमोर जवळ बोलावलं.

"शाबास! मोठ्यांनी जे पाहिलं नाही, ते तुम्ही पाहिलंत. आणि मोठ्यांनी हाकलल्यावर गप्प बसला नाहीत, हे जास्त मोलाचं."

मग ते वाकून हळूच म्हणाले, "हेनुत, माझ्याजवळच राहा गं. पालखीपर्यंत."

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना वाटलं, महाराज लेकीला आशीर्वाद देतायत. तो हात किती जड होता, ते हेनुतलाच ठाऊक. ती ताठ मानेने चालत राहिली.