खोकला नसलेलं गाव

दिगंबर देवतळे यांच्या पदरात या व्यवहारातून दोन गोष्टी पडणार होत्या : स्वच्छ शहर स्पर्धेची ढाल आणि पुन्हा नगराध्यक्षाची खुर्ची. गावाबाहेरचा कचरा डेपो दिवाळीपासून आतल्या आत धुमसत होता. तो उपसल्याशिवाय विझणार नव्हता. उपसायचं कंत्राट होतं त्यांच्याच साळ्याकडे, आणि साळा पैसे उचलून केव्हाच मोकळा झाला होता. मग धूर ठेवून तक्रारी विझवायचं ठरलं.

'श्वासशांत' हा नाकात मारायचा फवारा मुळात अग्निशमन जवानांसाठी निघालेला. मुखवटा निकामी झालाच, तर बाहेर पडेपर्यंत ठसक्यानं अडखळू नये, एवढ्यापुरता. घशातले, श्वासनलिकेतले चेतातंतू तो दिवसभर झोपवतो. ना ठसका, ना दम लागल्याची जाणीव. देवतळ्यांनी तो बनवणाऱ्या कंपनीकडून घाऊक घेतला आणि रेशन दुकानातून घरोघर वाटला. मुखवटे तेवढे वगळले.

"धूर आत जातोच आहे, साहेब," पालिका दवाखान्याच्या डॉ. शुभदा कुकडे सभागृहात म्हणाल्या. "बारीक कण फुफ्फुसातून रक्तात उतरतात. फक्त कळत नाही."

"लोकं बरे झाले तं तुमचा दवाखाना ओस पडन, म्हणून घाबरता काय बाई?" देवतळे म्हणाले.

सभागृह हसलं. जिला दमा होता, ती नगराध्यक्षांची बहीण वच्छलाबाई सगळ्यात मोठ्यानं हसली. "यंदा पंपाले हात नाही लावला मी! रोज डेपोच्या रस्त्यानं फिराले जातो."

डॉक्टरांनी तिच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला. शहाऐंशी.

"ताई, आत्ताच्या आत्ता भरती व्हा."

"काऊन? खोकलली तरी काय मी?"

देवतळ्यांनी आकडा पाहिला. त्यांना आकडे चांगले कळत. "उद्या परीक्षक येऊन राह्यले डॉक्टर. नगराध्यक्षाचीच बहीण खाटेवर? परवा नेऊ."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांना गावात एकही तक्रार सापडली नाही. ढाल देताना टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत वच्छलाबाईंचे हात मांडीवरच राहिले. ओठ निळे पडले होते. शेजारणीला वाटलं, डुलकी लागली.

ढाल देवतळ्यांना मिळाली, खुर्चीही. साळ्याला कंत्राटाची मुदतवाढ, कंपनीला आणखी तीन गावं, डॉक्टरबाईंना बदली. किंमत वच्छलाबाईंनी मोजली, तीही तक्रार न करता. उरलेल्या गावानं आजवर किती मोजलंय, हे सांगायला आता खोकणार कोण?