सवतीच्या नावाचा टाक

“बाप्पा, म्हशीवानी घोरते ही. मले घडीभर डोळा लागू देत नाही.”

सासूची ही कुरकुर माझ्या आत्याने भिंतीआडून ऐकली. तेव्हा आत्या जागी होती. ज्वारी निवडत होती.

हे घडलेलं आहे. सत्यभामाआत्या जन्मात खोटं बोलली नाही. त्याला लागते तेवढी अक्कलच नव्हती बिचारीपाशी.

साल बासष्ट. देऊळघाट. चैत्रातली टळटळीत दुपार.

आत्या शालिग्रामरावांची दुसरी बायको. पहिली रुक्मिणी झोपेतच गेली म्हणे. रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक आत्याच्या गळ्यात होता.

आत्याने सूप खाली ठेवलं. कान दिला...

घर्र... घर्र...

आवाज तिच्याच छातीवरून येत होता.

तिने टाक मुठीत धरला. प्रत्येक घर्रबरोबर टाक बारीक थरथरत होता.

नवऱ्याला सांगितलं, तर तो पांढराफटक. एवढंच म्हणाला, की रुक्मिणीचं नाक कायम चोंदलेलं असायचं. तोंडानेच श्वास घ्यायची, म्हणून घोरायची.

टाक उतरवू का, आत्याने विचारलं. सासू तानुबाई कडाडली. सवत कोपते म्हणे.

मग घोरण्यावर उपाय म्हणून तानुबाईने रोज आत्याच्या नाकात मोहरीचं तेल ओतलं. चांगलं मोकळं नाक सुजलं. बंद झालं. ओव्याची पुरचुंडी हुंगूनही सुटेना.

आत्याही तोंडाने श्वास घेऊ लागली.

घोरणाऱ्या आता दोन.

तो टाक आज माझ्या देव्हाऱ्यात आहे. सर्दी झाली की मी बसून झोपते. हसा खुशाल.

तर, एका दुपारी आत्याला जाग आली...

डोळ्यांपुढे अंधार. तोंडावर उशी. नाक तर बंदच. श्वासाला वाटच नाही.

वरून दबका आवाज, “चूप. आता तरी चूप.”

आत्याचा श्वास कोंडला. पण घोरणं थांबेना...

वाढतच गेलं. फळीवरची भांडी वाजू लागली.

अचानक उशी दूर झाली. आत्या खोकत उठून बसली. शालिग्रामराव ओसरीवरून धावत आले होते. उशी त्यांच्या हातात होती. समोर त्यांची आई.

घोरणं एकदम थांबलं.

कुणी कान देऊन बसावं, तसं.

शालिग्रामरावांनी उशी आईपुढे धरली.

“माय, रुक्मिणीचं नाक बंदच होतं. तोंड तू दाबलं... अन् तेव्हाही मी ओसरीवर जागा होतो. उठलो नाही.”