फाट्यावरून आलेली कमेंट

ज्याला खोटं वाटतं, त्याने खुशाल हसावं. पोटच्या मुलीचं नाव घेऊन मी थापा मारणार नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. बीड जिल्हा. दिवाळी नुकतीच सरली होती. शिरूर कासारकडची माणसं ऊसतोडीला गेलेली, वस्त्यांवर कुलपं लागलेली.

मी सोमेश्वर. एसटी आगारात कामाला. आगाराचं फेसबुक पेज माझ्याकडे. समोर नकाशा असतो, त्यावर प्रत्येक गाडीचा ठिपका सरकतो. लोक पेजवर विचारतात, "गाडी कुठंय?" मी नकाशा बघून सांगतो. साहेबांचा हुकूमच आहे, एकही कमेंट उत्तराविना राहता कामा नये.

आणि आमच्याकडे घरोघरी सांगतात, तिन्हीसांजेला कुणी एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये.

आता नोकरी सांभाळायची की हे?

त्या संध्याकाळी माझी लेक संस्कृती आजोळाहून एकटीच परत येत होती. नववीतली पोर. तिच्या गाडीच्या ठिपक्यावर माझी नजर खिळलेली.

दिवे लागत होते. एक कमेंट आली. नाव चंद्रभागाबाई. फोटो नाही.

"खांबेवाडी फाट्यावर हाय. गाडी थांबल का?"

मी नेहमीचं ठरलेलं उत्तर चिकटवलं.

"हो. हात दाखवा, गाडी थांबेल."

ठिपका फाट्यावर आला...

आणि थांबला.

हलेचना.

खांबेवाडी तर अख्खी कारखान्यावर गेलेली. मग चढणार कोण?

मी कंडक्टर शफीभाईंना फोन लावला.

"भाई, गाडी का थांबली?"

"कुनीतरी हात केला ना, सोमेश्वरभाऊ. दार उघडलं तर... कुनीच न्हाई. अन् आता गाडी पुढं सरकंना. इंजन तर चालू हाय."

मी खुर्चीवरून उठलो.

"माझ्या पोरीकडे फोन द्या."

संस्कृती अगदी हळू बोलली.

"बाबा, मी सरकून बसले. आजीला जागा दिली."

"कोणत्या आजीला?"

"ह्याच की. आत्ता चढल्या त्या. त्यांचा हात लई गार हाय, बाबा..."

फोन कट झाला.

ठिपका चालू लागला.

मी स्टँडवर धावतच गेलो. गाडी आली. संस्कृती उतरली. एकटीच, धडधाकट. सगळ्यांदेखत मी तिला कवटाळून रडलो. लाजबिज काही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या वऱ्हाडी साहेबांनी बोलावलं. पेज उघडून माझ्यासमोर धरलं.

"कावून बे सोमेश्वर, सोताशीच बोलतो काय? हात दाखवा म्हने! कुनाला?"

मी बघितलं. चंद्रभागाबाईची कमेंट कुठेच नव्हती. फक्त माझं उत्तर होतं.

शफीभाईंनी नंतर चौकशी केली. खांबेवाडीच्या मतदारयादीत त्या नावाचं कुणी नाही. आधी होतं का, ते सांगायला गावात माणूस नव्हता.

संस्कृती बरी आहे. शाळेत जाते, धाकट्याशी भांडते, पोटभर जेवते.

पण त्या दिवसापासून ती खाटेच्या अगदी कडेला झोपते. भिंतीकडची अर्धी खाट रिकामी.

परवा तिच्या आईला राहवलं नाही. तिने लेकीला हलकेच आत ढकललं.

"सरक ना बाळा, पडशील."

संस्कृतीने डोळे उघडले नाहीत. नुसती कुजबुजली...

"हळू, आई. त्यांना आत्ताच झोप लागली."

भिंतीकडच्या त्या चादरीला मी अजून हात लावून बघितलेला नाही. माझी हिंमत होत नाही.